टिक काढलेला बोअर

लग्नात बुद्धवंदना आटोपून जेवणाची रांग लागली की कोणीतरी हमखास विचारतं, "ताई, तुमी नोकरीत नेमकं काय करत होत्या?" मी म्हणते, "जमिनीखालचे नकाशे काढत होते." लगेच समोरच्याचा चेहरा खुलतो. "मंग माह्या वावरात पानी कुठी लागन ते सांगा ना! नारळ आनू, का तांब्याची तार चालते?" भातकुलीचा माझा मावसभाऊ तर गेल्या उन्हाळ्यात सातबाराच घेऊन घरी आला. मी त्याला म्हटलं, "तुझ्या वावरात खारं पाणी लागेल. नारळ आणलास तरी आणि नाही आणलास तरी." तो रुसला. "येवढं शिकून फायदा काय मंग?" असं म्हणाला आणि चहा अर्धा ठेवून गेला.

फायदा काय, हा प्रश्न मला निवृत्तीनंतर जास्तच पडतो. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी पाण्याची नव्हे, वायूची माणूस. एका कंपनीत भूवैज्ञानिक होते आणि शेलमधला वायू शोधणं हे माझं नोकरीच्या उत्तरार्धातलं काम होतं. शेल म्हणजे चिखलाचा दगड. कोट्यवधी वर्षांपूर्वी तळ्यांच्या आणि नद्यांच्या तळाशी गाळ बसला, त्यात पाला कुजला, वरून ओझं येत गेलं आणि पातळ पदरांचा दगड तयार झाला. भिजून वाळलेल्या जुन्या वहीसारखा तो दिसतो. कुजलेल्या पाल्याचा वायू त्या पदरांतच अडकून बसतो आणि दगड फोडल्याशिवाय बाहेर येत नाही. त्यामुळे खर्चात पडण्याआधी तो दगड किती खोल आहे, किती जाड आहे, फोडण्याइतका ठिसूळ आहे का, हे कळावं लागतं.

वऱ्हाडात अडचण ही की आपल्या पायाखाली ज्वालामुखीचा काळा दगड आहे, तोही शेकडो मीटर जाड. त्याच्याखाली जुना गाळाचा दगड असावा असा अंदाज होता, कारण सातपुड्याच्या पायथ्याला तो काही ठिकाणी उघडा पडलेला दिसतो. पण काळ्या दगडाच्या खाली पाहायचं कसं? जमीन हादरवून तिचा प्रतिध्वनी ऐकायची एक पद्धत आहे. इतर ठिकाणी ती छान चालते. इथे मात्र गोधडीखालून कोणी बोलावं तसं ऐकू येतं. मग उरतो बोअर. एक बोअर म्हणजे वीतभर रुंदीच्या जागेची खात्रीची माहिती. दोन बोअरांच्या मधल्या पाच-सात किलोमीटरांचं काय?

तिथे आमचं सॉफ्टवेअर कामाला येतं. प्रत्येक बोअरमध्ये कोणता थर किती खोलीवर लागला ते त्याला सांगायचं. ते मधली जागा स्वतः भरतं. जमिनीखालच्या सगळ्या मुलखाचे चौकोनी ठोकळे पाडतं आणि प्रत्येक ठोकळ्याला एक रंग देतं. माऊस फिरवला की रिद्धपूरपासून सातपुड्यापर्यंतची जमीन पडद्यावर गरगर फिरते, हवी तिथे कापून आत पाहता येते. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या तोंडून "अरे वा!" निघतंच. माझ्याही निघालं होतं. मी ते काम चांगलं करायचे, हे इथे सांगून टाकते. खोटी नम्रता मला जमत नाही. मात्र या सॉफ्टवेअरची एक खोड आहे. ते "माहीत नाही" असं कधी म्हणत नाही. बोअर जवळ असो की दहा किलोमीटर दूर, ठोकळ्याला रंग मिळतोच, आणि खात्रीचा रंग आणि अंदाजाचा रंग दिसायला सारखेच असतात.

प्रकल्पाचे साहेब बाहेरून आलेले होते, माणूस हुशार आणि घाईचा. मुख्यालयातून मोठी माणसं यायची असली की ते माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणत, "मॅडम, शेलला तो पिवळा नको. जरा लाल करा. लाल चांगला दिसतो." मी लाल करायचे. दगड तेवढाच असायचा, पण बैठक चांगली व्हायची.

एकदा गावकऱ्यांनी ग्रामसभेत बोलावलं. आम्ही त्यांचं पाणी ओढून नेणार अशी त्यांना शंका होती आणि ती चुकीची म्हणावी अशीही नव्हती. समाजमंदिराच्या भिंतीवर मी सगळं मॉडेल दाखवलं. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "बाई, याच्यात माही विहीर कुठी हाय?" मी शोधायचा आव आणला. तिची विहीर आमच्या एका ठोकळ्याच्या आत कुठेतरी हरवली होती. आमचा सगळ्यात लहान ठोकळासुद्धा तिच्या वावराएवढा होता. "दिसत नाही आजी, फार लहान आहे," असं म्हटल्यावर ती म्हणाली, "लहान नाई बापा, चाळीस हात हाय." सगळे हसले. मीही हसले.

आता रऊफभाईंचं सांगते. त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे.

अब्दुल रऊफ अकोल्याचे. उर्दू शाळेत आठवीपर्यंत शिकलेले. वणीकडच्या कोळशाच्या पट्ट्यात खोल बोअर मारण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि त्यांचं स्वतःचं मशीन होतं. आमच्या प्रकल्पातले पहिले तीन बोअर एका मोठ्या ठेकेदाराने मारले. चौथा, सगळ्यात दक्षिणेकडचा, रऊफभाईंना मिळाला. त्यांची पद्धत पाहून मला आधी गंमत वाटली आणि मग आदर वाटला. बोअरमधून वर आलेला दगडाचा चुरा ते चहाच्या गाळणीत धुवायचे, उन्हात धरायचे आणि चिमूटभर दातांखाली घालायचे. "किरकिर झाली तं रेती हाय म्याडम, अन लोन्यावानी लागलं तं शेल." आम्हालाही कॉलेजात हे शिकवलं होतं. पण आम्ही ते परीक्षेपुरतं केलं.

खोली मोजायची त्यांची पद्धत याहून निराळी होती. बोअरमध्ये लोखंडी रॉड एकाला एक जोडत सोडतात, एक रॉड तीन मीटरचा. किती रॉड आत गेले यावर खोली कळते. रऊफभाई मशीनजवळ दोन डबे ठेवायचे. एकात चिंचोके. रॉड आत गेला की त्यातला एक चिंचोका उचलून दुसऱ्यात टाकायचा. पाळी बदलली की दोघांनी मिळून डबा मोजायचा आणि मगच वहीत लिहायचं. "लिवनारा हात थकते," ते म्हणायचे, "म्हनून आंधी चिंचोका, मंग वही."

पहिल्या तीन बोअरांमध्ये शेल पाचशे ते सहाशे मीटरच्या दरम्यान लागला होता आणि दक्षिणेकडे हळूहळू खोल जात होता. त्या उताराने रऊफभाईंच्या बोअरमध्ये तो सव्वासहाशेच्या आत लागायला हवा होता. तिथे सव्वासहाशे झाले, साडेसहाशे झाले, तरी गाळणीत काळाच चुरा. पावणेसातशेला बोअर मधूनच ढासळला आणि काम थांबवावं लागलं. एरवी आम्ही बोअरमध्ये तारेने यंत्र सोडून खोली पुन्हा तपासतो. ढासळल्यामुळे तेही जमलं नाही. म्हणजे तिथे पावणेसातशेपर्यंत काळा दगड आहे याला पुरावा एकच होता, रऊफभाईंची वही.

मी तो आकडा सॉफ्टवेअरला दिला. इतका वेळ शेलचा थर छान एकसारखा उतरत होता. आता त्या एका ठिपक्याभोवती खड्डा पडला आणि खड्ड्याभोवती गोल गोल वर्तुळं उमटली. आमच्या धंद्यात अशी वर्तुळं दिसली की पहिला विचार एकच येतो, आकडा चुकलाय. निसर्ग असे एका बोअरपुरते गोल खड्डे करत नाही. तिथपर्यंत माझा विचार बरोबर होता. चूक त्याच्या पुढच्या पायरीला झाली.

मी रऊफभाईंना ऑफिसात बोलावलं. अमरावतीच्या कॅम्पातल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. पडद्यावरचा खड्डा दाखवून मी म्हटलं, "रऊफभाई, सतरा-अठरा रॉडचा फरक येतोय. पाळी बदलताना दोनदा मोजले गेले असतील का?"

त्यांनी पडद्याजवळ जाऊन तो खड्डा पाहिला. "हे मशीन म्हनते का मी चुकलो?"

"मशीन म्हणत नाही. पण बाकीचे तीन बोअर एका रेषेत आहेत ना."

"म्याडम, मी रॉड मोजाले चुकीन?"  मग उठता उठता ते म्हणाले, "तुमी शिकल्यासवरल्या हा. पाहून घ्या नीट."

मी नीट पाहिलं नाही. साहेबांनी चिंचोक्यांची गोष्ट ऐकली आणि ते इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. मुख्यालयाची बैठक चार दिवसांवर होती. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बोअरच्या नावापुढे एक लहान चौकोन असतो, त्यात टिक असते. टिक काढली की तो बोअर हिशेबातून जातो. मी चौथ्या बोअरची टिक काढली. खड्डा गेला, वर्तुळं गेली, थर पुन्हा सुरेख उतरायला लागला. टिक काढली की कारण लिहावं लागतं, म्हणून मी अहवालात लिहिलं, "बोअर क्रमांक चारची खोली मोजण्याची पद्धत विश्वासार्ह नाही. नोंद ग्राह्य धरलेली नाही." त्याची एक प्रत नियमाप्रमाणे ठेकेदाराला जाते. ती रऊफभाईंना गेली.

त्या सुरेख थराच्या भरवशावर आम्ही आणखी दक्षिणेला मोठा बोअर घेतला. मोठं मशीन आलं, गावात मांडव घातल्यासारखी गर्दी झाली. मॉडेलप्रमाणे सातशे मीटरला शेल लागायला हवा होता. सातशेला काळा दगड लागला. आठशेलाही. नऊशेला काम बंद करायचा हुकूम आला. या वेळी तारेने मोजलं होतं, त्यामुळे कोणाच्या मोजणीवर ढकलायची सोय नव्हती.

त्या दिवशी दुपारी मी एकटीच मॉडेल उघडून बसले. चौथ्या बोअरची टिक परत लावली. तिसऱ्या आणि चौथ्या बोअरच्या मध्ये एक भ्रंश काढून पाहिला. भ्रंश म्हणजे जमीन तडकून तिची एक बाजू खाली घसरलेली जागा. सातपुड्याच्या पायथ्याचा मोठा भ्रंश सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला समांतर असा आणखी एक लहान असू शकतो, हे कोणालाही सुचायला हवं होतं. मला सुचायला हवं होतं. भ्रंश काढल्याबरोबर सगळं जागच्या जागी बसलं. रऊफभाईंचा बोअर घसरलेल्या बाजूला होता आणि तिथे काळा दगड तेवढाच जाड असायला हवा होता. तो खड्डा नव्हता, ती पायरी होती. पायरीवर एकच बोअर असला तर सॉफ्टवेअर तिचा खड्डा करतं. कोणी सांगितल्याशिवाय त्याला तडा काढता येत नाही. सांगणारा माणूस आमच्याकडे होता आणि आम्ही त्यालाच हिशेबातून काढलं होतं.

मी ते साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "छान. पण आता फाइल बंद होतेय, कशाला उकरता?" प्रकल्प गुंडाळला, माझी बदली झाली. मी उकरलं नाही. अहवाल दुरुस्त करायचा तर टिक कोणी काढली तेही लिहावं लागलं असतं. माझी बढती त्या सुमारास व्हायची होती. हे बढतीचं कारण मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. रऊफभाईंचं मशीन बंद पडलंय, घरीच असतात, असं एक-दोनदा कानावर आलं. कंपनीने नाव काळ्या यादीत टाकलं असेल, असं मी धरून चालले आणि वाईट वाटून घेतलं. वाईट वाटून घ्यायला काही लागत नाही.

निवृत्तीनंतर मी अमरावतीला परत आले. इथल्या कॉलेजातल्या एक तरुण प्राध्यापिका खारपाणपट्ट्याच्या पाण्याचं मॉडेल करतात. जुन्या बोअरांची माहिती समजावून द्या म्हणून त्या घरी आल्या. त्यांच्या यादीत चौथा बोअर होता आणि त्याची टिक काढलेली होती.

"हा का वगळला?" मी विचारलं.

"तो खराब डेटा आहे, मॅडम. अहवालातच लिहिलंय तसं."

त्यांना माहीत नव्हतं की तो अहवाल माझा आहे. इतक्या वर्षांनी, दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये, माझ्या वाक्याने तो बोअर पुन्हा बाहेर काढला होता. मी त्यांना खरं काय ते तिथेच सांगितलं आणि त्याच संध्याकाळी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, मी पुन्हा लिहिलं. अखेर जुन्या ओळखीतल्या एकाने मनावर घेतलं आणि अहवालाला शुद्धिपत्र जोडलं गेलं. त्याची प्रत हातात पडली तशी मी अकोल्याची बस धरली.

जुन्या शहरात त्यांचं घर शोधायला वेळ लागला नाही. अंगणात मशीन उभं होतं. त्याच्यावर दोडक्याचा वेल चढवलेला होता. रऊफभाई बाजेवर बसले होते. मला पाहून उठायला लागले. "म्याडम! या, या. किती बारीक झाल्या हो." मग आत वळून म्हणाले, "जमीला, चाय ठेव, अमरावतीच्या म्याडम आल्या." त्यांच्या बोलण्यात राग नावालाही नव्हता. मी रागाची तयारी करून गेले होते, त्यामुळे मला बोलायला सुरुवातच सापडेना.

शेवटी मी म्हणाले, "रऊफभाई, तुमचं माप बरोबर होतं."

"कोनतं माप?"

"चौथ्या बोअरचं." मी दोन तळहात एकमेकांना लावून एक खाली सरकवला. "जमीन अशी घसरलेली होती. तुम्ही खालच्या बाजूला होता. पावणेसातशेला काळाच दगड होता." आणि पत्र काढून वाचलं, "बोअर क्रमांक चारची नोंद अचूक असल्याचे आढळले आहे. ती ग्राह्य धरावी."

 ते म्हणाले, "एक डाव आनखी वाचा."

मी वाचलं. त्यांनी आत हाक मारली, "जमीला, इकडं ये. म्याडम काय वाचून राह्यल्या ते आयक." जमीलाभाभी पदराला हात पुसत आल्या. मी तिसऱ्यांदा वाचलं. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मी तं तवाच सांगत होती."

"तू सांगत होती," रऊफभाई म्हणाले. "पन कागदावर तं दुसरं होतं."

मी म्हटलं, "कंपनीने तुमचं काम बंद करायला नको होतं."

"कंपनीनं?" त्यांना नवल वाटलं. "नाई म्याडम. वनीवाल्यायनं त्याच्यानंतर दोन डाव बलावलं. मीच नाई गेलो. म्हटलं, म्याडम तपासल्याबिगर लिवनार नाई. चुकलोच असन. आता नजर गेली आपली, ध्यान राह्यत नाई. ज्याले मोजता येत नाई, त्यानं काहून दुसऱ्याच्या जमिनीत हात घालाव? म्हनून मशीन मीच बंद केलं."

चहा आला होता. कोणी उचलला नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होते. "मी चुकलो नव्हतो, तं मंग इतके वर्सं मी घरी काहून बसून राह्यलो, म्याडम?"

"माझ्यामुळे," मी म्हणाले. "टिक मी काढली होती. ते वाक्य मी लिहिलं होतं. चुकलंय हे मला पुढे कळलं, तरी मी गप्प बसले."

जमीलाभाभी उठून आत गेल्या.  माझ्या शब्दावर रऊफभाई एकदा विसंबले होते. या वेळी त्यांनी उशाखालचा चष्मा काढून लावला, माझ्या हातातून पत्र घेतलं आणि ओळीखाली बोट ठेवून, एकेक अक्षर लावत, स्वतः वाचायला लागले.